मुठीतला चिंचोका

पहिला चिंचोका माझ्या तिसऱ्या वाक्याला पडला.

परातीत टण्ण असा आवाज झाला आणि पुढच्या रांगेतला एक मुलगा उठून, चड्डी झटकून, शांतपणे वर्गाबाहेर खेळायला निघून गेला. मी वाचत राहिलो. चौथ्या वाक्याला आणखी दोन पडले. पहिलं पान संपेपर्यंत परातीत अकरा चिंचोके जमले होते आणि बाहेरून लगोरीचा आरडाओरडा ऐकू येत होता.

"वाच, वाच," अक्का म्हणाल्या. त्या खिडकीपाशी स्टुलावर बसून माझ्या गोष्टीच्या दुसऱ्या प्रतीवर लाल पेन्सिलीने खुणा करत होत्या. जिथे चिंचोका पडला तिथे उभी रेघ.

कमलाक्का मगदूम म्हणजे माझ्या तिसरीच्या बाई. निवृत्त झाल्यावर त्यांनी 'गजगा' नावाचं मुलांचं मासिक काढलं होतं आणि त्यात छापायची प्रत्येक गोष्ट आधी इचलकरंजीच्या एका नगरपालिका शाळेत तिसरीच्या वर्गाला वाचून दाखवायची, असा त्यांचा दंडक होता. शुक्रवारी त्या भागात वीज बंद, म्हणून यंत्रमाग बंद. एरवी शाळेच्या तिन्ही बाजूंनी मागांची खटखट चाले आणि गुरुजींना घसा फोडून शिकवावं लागे. म्हणून वाचन शुक्रवारीच. मुलं जमिनीवर बसायची, मधे पितळी परात, प्रत्येकाच्या मुठीत एक चिंचोका. कंटाळा आला की चिंचोका परातीत टाकायचा आणि बाहेर जायचं. का म्हणून कुणी विचारायचं नाही, कुणी रागवायचं नाही.

त्या दिवशी गोष्ट संपली तेव्हा एकतीस मुलांपैकी चार उरली होती. त्यातली दोन झोपली होती.

मी सदतीस वर्षांचा होतो. कॉलेजात मराठी शिकवत होतो, दोन कादंबऱ्या छापून आल्या होत्या, एकीला बक्षीसही मिळालं होतं. अक्कांनी गोष्ट मागितली तेव्हा मी मोठ्या मनाने हो म्हटलं होतं. मुलांची गोष्ट काय, डाव्या हाताने लिहून देऊ, असा माझा रुबाब. एका एकाकी ढगाची गोष्ट मी लिहिली होती आणि माझ्या मते ती फार तरल होती.

"वाईट वाटून घेऊ नकोस," परातीतले चिंचोके डब्यात ओतत अक्का म्हणाल्या. "गेल्या महिन्यात एका मोठ्या कवीचे एकतीसच्या एकतीस पडले. शेवटी तो नि मीच उरलो."

"मुलांना फसवता येत नाही म्हणतात ते खरं आहे," मी हसण्यावारी नेत म्हणालो.

"छट्. मुलांना कुणीही फसवतं. मुलांना कंटाळा देऊन फसवता येत नाही, एवढंच. मोठी माणसं तेवढी सोशिक असतात, पैसे देऊन पुस्तक घेतलेलं असतं ना. पुढच्या शुक्रवारी दुसरी घेऊन ये."

खरं तर मला हे परवडणारं नव्हतं. माझी तिसरी कादंबरी घरी टेबलावर अडून बसली होती. ती माझ्या वडिलांवर, आप्पांवर होती. आप्पांनी तीस वर्षं माग चालवले. साडेतीनशे पानं लिहून मी पुण्याला प्रकाशकांकडे पाठवली होती आणि त्यांनी चार ओळींच्या पत्रासह ती परत पाठवली होती. 'यात माग दिसतात, संप दिसतो, गाव दिसतं. बाप दिसत नाही. दिसला तर दिवाळीपर्यंत कळवा.' ते पत्र मी इतक्यांदा वाचलं होतं की घडीवर फाटायला आलं होतं. कादंबरी दुसऱ्यांदा परत आली तर लिहिणं सोडायचं, असं मी मनाशी ठरवलं होतं. बायकोलाही सांगितलं नव्हतं. ज्याला स्वतःचा बाप लिहिता येत नाही त्याने दुसरं काय लिहायचं?

दुसऱ्या शुक्रवारी मी शहाणा होऊन गेलो. ढग नाही, आकाश नाही. एका गरीब मुलाची गोष्ट, मागावर काम करणाऱ्या, कष्टाळू. एकोणीस पडले. वर्ग सुटल्यावर अक्कांनी मला शेजारी बसवून घेतलं आणि तिसरीत असताना पाढा चुकला की बोट ठेवायच्या तसं एका ओळीवर बोट ठेवलं.

"इथं एका दमात सात पडले. काय आहे इथं? वाच."

मी वाचलं. "श्रमाच्या घामाने न्हालेली ती संध्याकाळ मागांच्या लयीत हळूहळू विरघळत होती."

"या वाक्यात पोरगा कुठं आहे?"

"या वाक्यात नाही."

"पोरगा वाक्यातून गेला, तशी पोरंही गेली. भूपाल, तू पोराकडं बघत असतोस तोवर ती हलत नाहीत. तू स्वतःकडं बघायला लागलास की पडला चिंचोका. ह्या सगळ्या रेघा बघ. एक तरी दुसरीकडं आहे का?"

मी बघितल्या. नव्हती. पुण्याहून आलेल्या पत्रातही तेच होतं. मी खिशातून ते पत्र काढून अक्कांना दिलं. त्यांनी चष्मा वर करून वाचलं, घडी घालून परत दिलं.

"मग आप्पाचंच काहीतरी सांग की पोरांना."

"मुलांना आप्पांचं काय सांगणार?"

"ते मला काय ठाऊक? बाप तुझा आहे."

घरी आलो तेव्हा आप्पा नेहमीप्रमाणे कट्ट्यावर बसले होते. तीस वर्षं त्या खटखटीत राहून त्यांचे कान गेले होते. बोलणाऱ्याच्या ओठांकडे बघून ते समजून घेत, तेही वाक्य लहान असेल तर. माझ्या दोन्ही कादंबऱ्यांचं त्यांनी हातात घेऊन वजन बघितलं होतं आणि "कागद चांगला हाय" एवढं म्हणाले होते. आई जाऊन चार वर्षं झाली होती. तेव्हापासून आमच्या घरात बोलणं फारसं उरलं नव्हतं.

त्यांच्याकडे बघता बघता मला डब्याची गोष्ट आठवली. ती माझी लहानपणची एक लबाडी होती. ती मी मित्रांना हसत हसत सांगत असे. कादंबरीत मात्र घातली नव्हती, कारण कादंबरी गंभीर होती. मुलांना हसायला बरी, असं वाटून मी ती एका बैठकीत लिहून टाकली. अडीच पानं.

तिसऱ्या शुक्रवारी मी ती वाचायला घेतली.

गोष्ट अशी होती. एका गावात माग चालवणारा एक बाबा होता. रात्री आठला त्याची पाळी सुटायची. पण सूर्य मावळला की तोंडात काही घालायचं नाही, असा त्याचा नेम होता. आमच्या जैनांत बरेच लोक पाळतात तो. म्हणून आई दिवस असतानाच जेवणाचा डबा करायची आणि नऊ वर्षांच्या मुलाकडून कारखान्यात पाठवायची. एक दिवस मुलगा डबा घेऊन निघाला. त्याला भूक लागली होती. वाटेत तो एका दगडावर बसला. नुसतं बघू तरी म्हणून त्याने डबा उघडला. गवारीची भाजी होती आणि दोन भाकरी. त्याने एक घास खाल्ला. खारट लागला. मग दुसरा खाल्ला. मग त्याने विचार केला की अर्धी भाकरी बाबाला पुरेल. मग त्याने विचार केला की पाव भाकरी पुरेल. मग विचार करायला काही उरलंच नाही.

इथे मुलं हसली. मी मान वर करून बघितलं. परात रिकामी होती. सगळी मुलं माझ्या ओठांकडे बघत होती. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की ही मुलं ऐकताना नेहमीच ओठांकडे बघतात. आठवड्यातले सहा दिवस मागांच्या आवाजात दुसरं करणार काय? आप्पा बघत तसंच.

मी पुढे वाचलं. मुलगा कारखान्यात गेला. बाबा मागाच्या पलीकडच्या टोकाला होता, त्याची पाठ होती. मुलाने रिकामा डबा खुंटीला अडकवला आणि पळून आला. घरी येऊन आईला सांगितलं, दिला. मग तो वाट बघत बसला, आता मार बसणार म्हणून. रात्री बाबा आला. त्याच्या हातात डबा होता, रोजच्यासारखा धुतलेला. आईने विचारलं, भाजी कशी झाली होती? मुलाने डोळे मिटले. बाबा म्हणाला, मीठ जरा जास्त होतं.

गोष्ट तिथे संपत होती. या वाक्याला माझे मित्र नेहमी खो खो हसत. बाप कसला बेरकी, न खाताच भाजीला नाव ठेवतो, असं म्हणून. मी मुलांच्या हसण्याची वाट बघत थांबलो.

कुणी हसलं नाही. चिंचोकाही पडला नाही. एकतीस मुलं मुठी मिटून बसली होती आणि वर्गात इतकी शांतता होती की अक्कांची पेन्सिल स्टुलावर टेकल्याचा आवाज मला ऐकू आला. मला वाटलं, त्यांना समजलं नाही.

मग दुसऱ्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली. मालन कोष्टी तिचं नाव, पुढचे दोन दात पडलेले. ढगाच्या गोष्टीला सगळ्यात आधी उठून गेलेल्या मुलींतली ती एक.

"सर, बाबानं तर खाल्लंच न्हाई."

"हो."

"मग मीठ जास्त हुतं हे त्याला कळलं कसं?"

"अगं, त्याने असंच ठोकून दिलं," मी म्हणालो. "आईला संशय येऊ नये म्हणून."

मालनने मान हलवली. तिला ते पटलं नव्हतं. "पर खरंच जास्त हुतं की. तुमीच वाचलासा मगाशी. पोराला घास खारट लागला म्हून."

मी वहीत बघितलं. पहिल्याच पानावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं. खारट लागला.

"डबा चाटला असंल त्यानं," कोपऱ्यातून एक मुलगा म्हणाला. अगदी सहज, गणिताचं उत्तर सांगावं तसं.

"बोटानं पुसून," दुसरा म्हणाला.

"दिस बुडायच्या आत," मालन म्हणाली, आणि आता हिशेब बरोबर लागला अशा समाधानाने खाली बसली.

मी वही मिटायची विसरलो. अठ्ठावीस वर्षं मी ही गोष्ट सांगत आलो होतो. त्यात मी होतो, माझी भूक होती, माझी लबाडी होती, मी मारातून कसा सुटलो ते होतं. खुंटीवरचा डबा काढून उघडणारा, रिकामा बघून क्षणभर उभा राहिलेला, आणि मग तळाला चिकटलेलं बोटाने पुसून तोंडात घालणारा माणूस माझ्या गोष्टीत कधी आलाच नव्हता. तेवढ्यावर त्याने आठपर्यंत माग चालवले होते. दुसऱ्या दिवशी सूर्य उगवेपर्यंत त्याच्या पोटात दुसरं काही गेलं नव्हतं. आणि हे सगळं माझ्याच अडीच पानांत होतं. मीच लिहिलं होतं. वाचलं मात्र एका आठ वर्षांच्या मुलीने.

त्या मुलांपुढे मला हात जोडावेसे वाटले. खरंच वाटले. मी जोडले नाहीत, कारण सरांना काय झालं म्हणून मुलं बघायला लागली होती.

"जावा रे खेळायला," अक्का म्हणाल्या. "चिंचोके घेऊन जावा आज."

वर्ग रिकामा झाला. त्यांच्या समोरच्या प्रतीवर एकही रेघ नव्हती.

"तुम्हाला कळलं होतं?" मी विचारलं.

"वाचताना नाही कळलं. खोटं कशाला बोलू? ती मालन बोलली तेव्हा कळलं." त्यांनी पदराने चष्मा पुसला. "वीस वर्षं मी ही परात मांडते, भूपाल. अजून दर वेळी धडकी भरते."

मी पेन काढलं आणि गोष्टीच्या शेवटी लिहायला लागलो की बाबाने सूर्य मावळायच्या आत रिकामा डबा बोटाने पुसून... अक्कांनी माझ्या हातातून कागद ओढून घेतला.

"हे काय करतोस?"

"छापताना मुलांना कळायला नको का?"

"मोठ्यांच्या कादंबरीत हे वाक्य लिहिलं असतंस?"

मी विचार केला. "नाही. तिथे मिठावरच थांबलो असतो."

"का?"

"वाचणाऱ्याने शोधावं म्हणून."

"मग ह्यांनी कुणाचं घोडं मारलंय? थांबायचं कुठं हे तुला मोठ्यांसाठी लिहून लिहून कळायला लागलंय, ते विसरू नकोस. पोरांसाठीच लिहिणारे आम्ही सगळं फोडून सांगतो, मग पोरांना काही करायलाच उरत नाही. तू थांबलास म्हणून ती पोरगी उभी राहिली. बघायचं कसं ते ह्यांच्याकडनं घे, आणि थांबायचं कुठं ते ह्यांना दे. झालं." त्यांनी माझं अर्धं वाक्य लाल पेन्सिलीने खोडलं. "'गजगा'त मिठावरच संपेल."

तिथेच संपली.

त्यानंतर दोन महिने मी कॉलेज सुटलं की कादंबरी घेऊन बसायचो. संपाचं चाळीस पानांचं प्रकरण मी काढून टाकलं. टाकताना जीव तुटला, त्यात माझी फार लाडकी वाक्यं होती. त्या जागी डब्याचं प्रकरण लिहिलं, साडेचार पानांचं. प्रत्येक वाक्य लिहिल्यावर मी मनात परात मांडायचो. या वाक्यात आप्पा आहेत का? नसले तर टण्ण. साडेचार पानांना सतरा दिवस लागले. मुलांची गोष्ट डाव्या हाताने लिहिणाऱ्या माणसाला.

प्रकाशकांना पाठवायच्या आधी ते प्रकरण एका माणसाला वाचून दाखवायला हवं होतं. ते मी रोज उद्यावर ढकलत होतो. शेवटी एका शुक्रवारी दुपारी, माग बंद होते आणि गल्ली शांत होती तेव्हा, मी कट्ट्यावर आप्पांच्या समोर जाऊन बसलो. त्यांच्या हातात एक चिंचोका ठेवला.

"हे काय?" आप्पा म्हणाले. कान गेल्यापासून ते फार मोठ्याने बोलत.

मी ओठ नीट हलवून सांगितलं. "मी वाचतो. कंटाळा आला की खाली टाका."

"आनि न्हाई आला तर?"

"तर ठेवा."

त्यांनी मूठ मिटली आणि माझ्या तोंडाकडे बघायला लागले.

वहीत बघून वाचून चालणार नव्हतं. एक वाक्य वाचायचं, मान वर करायची, त्यांच्याकडे बघून ते म्हणायचं, मग पुढचं. माझ्या जुन्या कादंबऱ्यांतलं एकही वाक्य असं म्हणता आलं नसतं, अर्ध्यातच दम संपला असता. ही वाक्यं म्हणता येत होती. मुलगा दगडावर बसला. त्याने डबा उघडला. गवारीची भाजी होती. आप्पांचे डोळे माझ्या ओठांवरून हलत नव्हते. मी खुंटीपर्यंत आलो. पळालेल्या मुलाला मी घरी पाठवलं आणि या वेळी त्याच्याबरोबर गेलो नाही. मी कारखान्यात थांबलो. आप्पा खुंटीकडे आले. डबा हलका लागला. त्यांनी झाकण काढलं. दारातून बाहेर बघितलं, अजून ऊन होतं. इथे मी थांबलो. कारखान्यातलं पुढचं काही कागदावर लिहिलेलं नव्हतं. पुढचं वाक्य थेट रात्री घरातलं होतं, ते मी म्हटलं. मीठ जरा जास्त होतं.

आप्पांनी हात वर केला. आता चिंचोका पडणार, असं वाटलं. पडला असता तर मी कुणाला दोष दिला नसता.

"गवार न्हवती," आप्पा म्हणाले.

"काय?"

"ती गवार न्हवती रं. दोडका हुता." गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल एवढ्या आवाजात ते बोलत होते, पण चेहरा शांत होता. "दोडका शिजून आळतोय. तुझी आई कच्ची भाजी बघून मीठ घालायची. दर येळी जास्त व्हायचं."

तो डबा सबंध मी खाल्ला होता आणि मला गवार आठवत होती.

"तळाला दोन बिया चिकटल्या हुत्या," आप्पा म्हणाले.

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. माफी मागायची होती बहुतेक. त्यांनी माझ्या ओठांकडे थोडा वेळ बघितलं, पण त्यावर वाचण्यासारखं काही उमटत नव्हतं.

"वाच की पुढं," ते म्हणाले.

मी पेन्सिलीने गवार खोडली, वर दोडका लिहिलं आणि पुढचं वाक्य त्यांच्याकडे बघून म्हटलं. प्रकरण संपलं तेव्हा ऊन कट्ट्यावरून उतरलं होतं. आप्पा उठले, हात टेकत आत गेले. मी खाली वाकून कट्ट्याच्या आजूबाजूला बघितलं. चिंचोका कुठेही पडलेला नव्हता.